तुम्ही विचारलंत म्हणून: दहा कोंबड्यांत कोंबडे किती?

झाबुआच्या कडकनाथला, म्हणजे तिथल्या काळ्या कोंबडीच्या जातीला, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आमच्या इंदूरच्या ओळखीपाळखीत अंगणात काळी कोंबडी पाळायची हौस वाढली. जागा असलेल्या घरांतून मला हमखास फोन येतो, "काकू, दहा कोंबड्या आहेत, पिल्लं काढायचीत. कोंबडे किती ठेवू?"

एक ठेवा. गावठी किंवा कडकनाथसारख्या हलक्या अंगाच्या जातीत आठ-दहा कोंबड्यांना एक धडधाकट कोंबडा पुरतो. जड जात असेल तर सहा-सात धरा. दोन ठेवले म्हणजे पिल्लं दुप्पट निघतील असं वाटतं, पण तसं होत नाही. एक कोंबडीवर चढला की दुसरा धावून येऊन त्याला खाली पाडतो. दोघांचं भांडण कोंबडीच्या अंगावर निघतं. पाठीची आणि डोक्यामागची पिसं जातात, पायामागच्या काट्यानं कातडी फाटते आणि ती बिचारी दिवसभर खुराड्यात दडून बसते, दाण्यालाही बाहेर येत नाही. हे बघवत नाही मला.

एकच कोंबडा असूनही एखाद-दुसरीची पाठ उघडी पडते, कारण त्याच्या आवडत्या ठरलेल्या असतात. तेव्हा कोंबडा काही दिवस वेगळा कोंडा. अंडी फुकट जातील ही भीती नको. कोंबडी बीज पोटात साठवून ठेवते आणि कोंबडा नसतानाही आठवडा-दहा दिवस फळलेली, म्हणजे पिल्लू धरणारी, अंडी देते, कधी दोन आठवडेसुद्धा. म्हणून आठवड्यातून दोन दिवस कोंबडा सोडला तरी चालतं. याच कारणानं कोंबडा बदललात तर तीन आठवडे रवणीसाठी, म्हणजे पिल्लं काढायला कोंबडीखाली ठेवण्यासाठी, अंडी धरू नका. तोवर निघणारं पिल्लू जुन्याचं की नव्याचं, सांगता येत नाही.

मग फोन येतो, "एकच ठेवला, तर अर्धी अंडी वाया गेली." इथे घाई करून दुसरा कोंबडा आणू नका. रवणीला घातल्यापासून सातव्या दिवशी रात्री अंड्याला बॅटरी लावून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू धरलंय. नुसती रक्ताची गोल कडी दिसली तर अंडं फळलं होतं, पिल्लू नंतर मेलं. अंडी फार दिवस ठेवलेली असतात किंवा उन्हाची झळ लागलेली असते. यात बहुतेक वेळा कोंबड्याचा दोष नसतो. अंडं अगदी स्वच्छ, रिकामं दिसलं तरच कोंबड्याकडे वळायचं. तेही सगळ्या कोंबड्यांची रिकामी आहेत की एकीचीच, ते बघून. एकीचीच असली तर तो तिच्याकडे जात नाही, किंवा ती त्याला जवळ येऊ देत नाही. दोन वर्षांपुढचा कोंबडा मंदावतो. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेला की तरणा कोंबडासुद्धा कमी पडतो. मी उन्हाळ्यात अंडी रवणीला घालतच नाही, पाऊस पडून हवा निवली की घालते. कडकनाथ कोंबडी सहसा नीट खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही, तिची अंडी गावठीखाली ठेवावी लागतात.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. एकाला दहा हे प्रमाण तुम्ही आज बसवाल, आणि एकविसाव्या दिवशी पहिली रवण फुटली की ते मोडेल. पिल्लांत साधारण निम्मे नर निघतात, त्यावर कुणाचा इलाज नाही. चार-पाच महिन्यांत ते आरवायला लागतात, आपसात भिडतात आणि कोवळ्या तलंगांना, म्हणजे वयात येणाऱ्या कोंबड्यांना, पिटाळतात. शेजारी जर कांदा-लसूणही न खाणारे असतील, तर पहाटे चारच्या त्या कोरसवर पहिली तक्रार तिथूनच येते. म्हणून अंडी रवणीला घालायच्या आधी घरात बसून ठरवा, जास्तीच्या नरांचं काय करायचं. खाणार, विकणार की कुणाला देणार? आम्ही खातो, हे मी मोकळेपणानं सांगते. ज्यांना तो विचार सोसत नाही त्यांनी कोंबडा आणूच नये. कोंबड्या त्याच्याशिवायही अंडी देतात आणि सुखात राहतात.

ठेवायचा तो एक निवडताना नुसता तुरा आणि रंग बघू नका. दाणा सापडला की आवाज देऊन कोंबड्यांना बोलावतो आणि आधी त्यांना खाऊ देतो, आकाशात घार दिसली की ओरडून सावध करतो, तो ठेवा. माणसाच्या पायावर धावून येणारा, कोंबड्यांना कोपऱ्यात गाठणारा नको. आपल्याच रवणीतला नर त्याच्या आया-बहिणींत ठेवायचा नाही. पिढ्यानपिढ्या तसं चाललं की अंडी कमी फळतात, पिल्लं अशक्त निघतात. चांगला निघाला तर दुसऱ्या घरच्या चांगल्या नराशी बदलून घ्या. माझ्याकडे यंदाच्या पावसाळी रवणीतला एक तसा शहाणा काळा कोंबडा आहे. तुमच्याकडे वेगळ्या वाणाचा असेल तर कळवा, अदलाबदल करू.