नक्कल आयडींचे इशारे: दऱ्या आणि दर्या

वेबपानाच्या एचटीएमएलमधल्या चुका दाखवणाऱ्या नू चेकरचे इशारे एकत्र बांधणारी माझी चाळणी, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, पूर्ण झाली, असे गेल्या नोंदीत मी लिहिले होते. ती घाई झाली.

कोकणी किनाऱ्यावरील शब्दांच्या माझ्या सूचीत शब्द हाच नोंदीचा आयडी, म्हणजे पानावर एकदाच यायला हवी अशी खूण, असतो. एखादा आयडी चार ठिकाणी आला की चेकर तीन चुका दाखवतो आणि प्रत्येक चुकीसोबत पहिली जागा पुन्हा सांगतो, म्हणजे एका शब्दापायी सहा संदेश वाचावे लागतात. जेसॉन रूपातले हे संदेश घेऊन चाळणी आता एकच ओळ छापते: ‘४ वेळा, ओळी ११२, ३४०, ३४१, ९०७, भरती’. शब्द मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण माझ्या टर्मिनलला काना-मात्रांची रुंदी मोजता येत नाही आणि आधीचा सुबक तक्ता दर ओळीला वाकडा होत असे. ही ओळ प्रथम सरळ उमटली, त्या संध्याकाळी मी ती उगाचच चार-पाच वेळा चालवून पाहिली.

परवा मात्र ‘दऱ्या’ची ओळ दोनदा आली, एक तिनाची आणि एक दोनाची. एनएफसी प्रमाणीकरण, म्हणजे एकच अक्षर निरनिराळ्या संकेतांकांनी लिहिले असेल तर ते एका रूपात आणणारी युनिकोडची पद्धत, लावूनही फरक पडेना. दोन रात्री माझ्याच मोजणीत चूक शोधल्यावर अक्षरांचे संकेतांक छापले, तेव्हा उलगडा झाला: संगणकावर लिहिलेल्या नोंदींत ऱ, म्हणजे यू+०९३१ होता, तर मोबाइलवरच्या नोंदींत साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक यू+२००डी होता. एनएफसी या दोहोंना एक करत नाही. मी जोडकच सरसकट गाळला, आणि मोबाइलवरच्या दोन्ही दऱ्या थेट समुद्रात, म्हणजे ‘दर्या’च्या ओळीत, जाऊन पडल्या! आता जोडक गाळत नाही. ‘र, हलन्त, जोडक’ या क्रमातल्या र च्या जागी ऱ ठेवून जोडक काढतो, आणि ओळीअखेर ‘दोन लिखाणे’ असा शेरा देतो.

हे लिहिताना लक्षात आले की दोन्ही लिखाणे एकेकदाच आली, तर चेकरच्या दृष्टीने ते वेगळे आयडी असल्याने तो गप्पच राहील आणि दुवा मात्र तुटेल. म्हणून रंगीत छपाईचा बेत बाजूला ठेवून आयडी आता मूळ एचटीएमएलमधून स्वतःच गोळा करणार आहे. चाचणीसाठी ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडी घेतली आहे. त्यातला दुसरा शब्द, म्हणजे आचारी, ऱ आणि जोडक अशा दोन्ही पद्धतींनी लिहिला आहे.