तुम्ही विचारलंत म्हणून : मणक्याचं ऑपरेशन दुर्बिणीनं होईल का?

"डॉक्टर, दुर्बिणीनं होईल ना?" मणक्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. कधी पेशंट विचारतो, बहुतेकदा त्याच्यासोबत आलेलं माणूस विचारतं. त्यामागची भीती मला कळते. पाठ उघडणार, मणक्याला हात लावणार, हे ऐकूनच पोटात गोळा येतो. मग जेमतेम 8 मिलिमीटरचा छेद, एखादाच टाका, लगेच घरी, असं कानावर पडलं की जीव भांड्यात पडतो. बऱ्याच जणांना मी "होईल" असंच सांगतो. पण त्याआधी जे बोलायला हवं ते ओपीडीच्या गर्दीत अर्धवट राहतं.

पहिली गोष्ट, ऑपरेशन लागणार आहे का? दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दबली आणि कंबरेपासून पावलापर्यंत कळ जायला लागली, तरी बहुतेकांचं दुखणं 6 ते 12 आठवड्यांत ओसरतं. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. एमआरआयच्या फिल्मवर पाहून धडकी भरावी असे मोठे, सुटून पडलेले तुकडेच जास्त प्रमाणात विरघळतात, हे मला आजही विलक्षण वाटतं. 2007 साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र सायटिकाच्या, म्हणजे पायात उतरणाऱ्या या कळेच्या, 283 रुग्णांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन लवकर करायचं, बाकीच्यांनी थांबायचं, असं ठरलं होतं. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावं लागलंच. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांत साधारण 95 टक्के लोक बरे होते. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ आधी थांबली, एवढाच फरक. ज्याला रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही त्याच्यासाठी तो फरक मोठा असतो, म्हणून हा निर्णय पेशंटशी बोलूनच व्हायला हवा.

अपवाद मात्र आहेत. पाऊल उचलता येईनासं झालं, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तिथे ऑपरेशन दुर्बिणीनं की उघडून, हा वाद घालत बसायला वेळ नसतो.

आणि एमआरआयवर "गादी सरकली आहे" असं लिहिलंय एवढ्यावर ऑपरेशन ठरत नाही. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांचे एमआरआय काढले तरी 30 टक्क्यांमध्ये गादी फुगलेली दिसते, ऐंशीच्या घरात 84 टक्क्यांमध्ये. पाय ज्या भागात दुखतो, जिथे बधिर आहे, तीच नस फिल्मवर दबलेली दिसायला हवी. हा मेळ बसत नसेल तर कितीही लहान छेदाचं ऑपरेशन निरुपयोगी.

आता दुर्बिणीबद्दल. सायटिका फुटलेल्या गादीमुळे होऊ शकतो हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकन सर्जननी 1934 मध्ये दाखवलं. तेव्हा तिथवर पोचायला पाठीचे स्नायू सोडवून हाड काढावं लागे. 1970 च्या दशकात मायक्रोस्कोप आला, छेद लहान झाला. त्याच सुमारास जपानमध्ये हिजिकाता आणि अमेरिकेत परविझ कांबिन या सर्जननी बाजूनं, कातडीतून थेट गादीत शिरायचा मार्ग शोधला. बाहेर पडणारी नस तिरकी खाली जाते, तळाशी खालच्या मणक्याची वरची कड असते आणि आतल्या बाजूला मज्जारज्जूचं आवरण. या तिघांच्या मधे एक छोटी त्रिकोणी मोकळी जागा राहते. तिला आज आम्ही कांबिनचा त्रिकोण म्हणतो. साधारण 7 मिलिमीटरची नळी तिथून आत जाते. तिच्यातच कॅमेरा, प्रकाश आणि चिमटा जायची वाट असते. सलाईनचा प्रवाह सतत चालू असतो, त्यानं रक्त धुऊन निघतं आणि समोरचं स्वच्छ दिसतं. स्नायू हाडापासून खरवडावे लागत नाहीत, हा या पद्धतीचा खरा फायदा. टाक्यांची संख्या त्यापुढे किरकोळ आहे.

या मार्गानं जाताना पेशंटला अनेकदा पूर्ण भूल देत नाहीत, जागा बधिर करतात. नसेला धक्का लागतोय असं वाटलं की तो स्वतः सांगतो, "पायात झिणझिण्या आल्या." मी तिथेच थांबतो. इतका भरवशाचा इशारा दुसरा नाही.

सगळीकडे हा मार्ग चालत नाही. सर्वांत खालच्या गादीशी कंबरेचं हाड आडवं येतं, तिथे बहुधा मागून, दोन मणक्यांच्या कमानींमधल्या फटीतून जावं लागतं. मणका पुढे सरकून अस्थिर झाला असेल तर नुसता तुकडा काढून भागत नाही.

मग दुर्बीण उघड्या ऑपरेशनपेक्षा सरस आहे का? 2022 मध्ये नेदरलँड्समधल्याच 613 रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. पायाच्या दुखण्यात दुर्बीण मागे नव्हती, किंचित पुढेच होती, पण तो फरक लहान होता. म्हणून तुमच्या सर्जननी मायक्रोस्कोपनं करू म्हटलं तर हिरमुसू नका. ज्या पद्धतीत त्यांचा हात बसलाय, ती तुमच्यासाठी जास्त सुरक्षित. दुर्बिणीचं तंत्र शिकायला वेळ लागतो. नस दुखावून पायात जळजळ होणं, आवरण फाटणं, तुकडा आत राहणं हे धोके बारक्या छेदातही आहेत. अशी किती ऑपरेशन्स केलीत आणि मधेच अडलं तर काय कराल, हे त्यांना जरूर विचारा. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी असते ती नंतरच्या आठवड्यांची. कळ थांबलेली असते, जखम दिसतसुद्धा नाही, आणि माणूस वाकून जड वस्तू उचलतो. बाहेरचा छेद लहान असला तरी गादीच्या कड्याला पडलेलं भोक लगेच भरून येत नाही, आणि तिथूनच पुन्हा तुकडा बाहेर येऊ शकतो. चालणं पहिल्या दिवसापासून करा. वाकणं, वजन उचलणं आणि तासन्‌तास बसणं मात्र तपासणीत परवानगी मिळेपर्यंत टाळा.