तळघरातली ती पहिली जत्रा

आज कामानिमित्त सॅन डिएगोत आहे. संध्याकाळी मुद्दाम ब्रॉडवेवरच्या यू. एस. ग्रँट हॉटेलपाशी जाऊन उभी राहिले. याच्याच तळघरात १९७० च्या मार्चमध्ये एक दिवसाचं आणि ऑगस्टमध्ये तीन दिवसांचं कॉमिक्स संमेलन भरलं होतं. ऑगस्टला माणसं साधारण ३००. तेच संमेलन आता ‘कॉमिक-कॉन’ म्हणून ओळखलं जातं आणि या शहरात त्याला लाखाच्या वर माणसं येतात.

ते संमेलन सुरू करणाऱ्या शेल डॉर्फ यांची फार आठवण आली. डेट्रॉइटहून आलेला हा वाचनवेडा माणूस, शाळा-कॉलेजातली पोरं हाताशी धरतो काय आणि जॅक कर्बींसारख्या नावाजलेल्या कॉमिक्स-चित्रकाराला त्यांच्यासमोर आणतो काय! पुढे मिल्टन कॅनिफ यांच्या चित्रपट्टीतली अक्षरं ते हातानं लिहायचे. वाचणाऱ्याचं लक्ष गोष्टीकडे असतं, पण संवादाच्या फुग्यातलं ते अक्षर कुणीतरी एकेक करून काढलेलं असतं ना! २००९ च्या नोव्हेंबरात डॉर्फ गेले.

आमच्या दादानं वेताळाच्या कॉमिक्सचे अंक दाभणानं शिवून ठेवले होते. डावीकडचा फुगा अर्धा शिवणीत जायचा, तो अंगठ्यानं दाबून वाचायचा. हॉटेलच्या दारातूनच त्याला फोन लावला. तिकडे पहाट.

"गठ्ठा माळ्यावर आहे गं," म्हणाला, "काढून ठेवतो."