कुठलं झाड द्यायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"बाय, तू मेंदूच्या कॅन्सरवर झाडांतलं औषध शोधतेस ना? मग आमच्यांना नेमकं काय द्यायचं तेवढं सांग." चवथीला घरी आलेले पाहुणे हे विचारतात, देवळात भेटलेल्या काकी विचारतात, कधी कुणाकडून तरी नंबर मिळवून अनोळखी माणसं रात्री फोन करतात. विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा कुणीतरी अंथरुणावर असतं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात ऑपरेशन झालेलं असतं, किंवा मुंबईला टाटामध्ये फाइल उघडलेली असते. अशा माणसाला फोनवर दोन वाक्यांत वाटेला लावणं मला जमत नाही, म्हणून इथे नीट लिहिते.

आधी उत्तर. काढा, चूर्ण किंवा रस करून दिला आणि ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा हा घातक कॅन्सर बरा झाला, अशी एकही वनस्पती आज नाही. मी ज्या फळावर काम करते त्या कोकमानेही तो बरा होत नाही. माझ्या घरात कुणाला हा आजार झाला तर मी ऑपरेशन, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या कॅन्सरवरच्या गोळीच्याच मागे लागेन.

मग हे काम करतेस कशाला, हा पुढचा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे.

कोकम, म्हणजे आपली भिंडां, गोव्यात सत्तरी-सांग्याकडे रानातही होतात आणि कुळागरातही. एप्रिल-मे महिन्यात फोडून साली उन्हात घातल्या की सोलां तयार. सालीचा लाल रंग सगळ्यांना दिसतो, पण मला हवा असलेला पदार्थ पिवळा आहे. त्याचं नाव गार्सिनॉल. साली अल्कोहोलमध्ये भिजवायच्या, अर्क आटवायचा आणि सिलिकाने भरलेल्या काचेच्या नळीतून हळूहळू खाली सोडायचा. लाल रंग वरच अडकून राहतो आणि एक पिवळा पट्टा सुटा होऊन खाली सरकतो. २००४ मध्ये बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की गार्सिनॉल पेशीतल्या पी३०० नावाच्या एन्झाइमला रोखतं. कोणते जनुक चालू राहायचे आणि कोणते बंद, यात या एन्झाइमचा हात असतो. कॅन्सरच्या पेशीत नेमकी तीच घडी विस्कटलेली असते. माझ्या कामाचा धागा तिथून सुरू होतो.

आता प्रयोगशाळेत काय दिसतं ते सांगते, कारण "कोकमाने कॅन्सरच्या पेशी मारल्या" अशा बातम्यांचा उगम इथेच असतो. मेंदूच्या गाठीतून आलेल्या पेशींचे ठरलेले वाण असतात आणि ते जगभर वापरले जातात. त्यातला एक यू८७. आपल्याकडे असे वाण पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळतात. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या पाटीत ९६ खळगे असतात. प्रत्येकात पेशी सोडायच्या, ओळीओळीने गार्सिनॉलचं प्रमाण वाढवत न्यायचं आणि शेवटी एमटीटी नावाचं पिवळं द्रावण घालायचं. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. जिथे पेशी मेल्या, तिथे खळगा पिवळाच राहतो. डावीकडे गडद जांभळं आणि उजवीकडे जाताना फिकट होत शेवटी पिवळं, अशी ओळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती.

पण त्या ओळीवर विश्वास ठेवण्याआधी बरंच काही तपासावं लागतं. वनस्पतींतले अनेक अँटिऑक्सिडंट पदार्थ पेशीच्या मदतीशिवाय, स्वतःच एमटीटीला जांभळं करतात, म्हणजे मेलेल्या पेशीही जिवंत वाटतात. म्हणून पेशी दुसऱ्या पद्धतीनेही मोजायच्या. निरोगी पेशींवर तेच द्रावण घालून बघायचं, कारण सगळ्यांनाच मारणारं ते औषध नव्हे, विष. खुद्द यू८७चीच गोष्ट घ्या. १९६० च्या दशकात स्वीडनमधल्या उप्साला इथे एका रुग्णाच्या गाठीतून हा वाण तयार झाला. २०१६ मध्ये तिथल्याच संशोधकांनी दाखवलं, की जगभर वाटला गेलेला यू८७ त्या मूळ रुग्णाचा नाहीच. पेशी मेंदूच्या गाठीच्याच, पण भलत्याच कुणाच्या तरी. एका वाणावर काय घडलं यावरून कुणाच्या वडिलांना काय द्यायचं ते ठरवता येत नाही, असं मी म्हणते त्याचं हेही एक कारण.

आणि हे सगळं जमलं तरी खरी अडचण पुढेच आहे. ती म्हणजे मेंदूपर्यंत पोचणं.

शरीरात इतरत्र रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून बरंच काही झिरपतं. मेंदूत तसं होत नाही. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधून वाट राहत नाही. जे पेशीतून घुसू पाहतं, त्यातलं नको असलेलं पी-ग्लायकोप्रोटीनसारखे पंप परत रक्तात फेकतात. मेंदूचं रक्षण करणारी हीच व्यवस्था औषधालाही बाहेर ठेवते. सहज आत जायचं तर रेणू लहान हवा, साधारण ४०० ते ५०० डाल्टनच्या आत (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप), आणि चरबीत विरघळणारा हवा. टेमोझोलोमाइड १९४ डाल्टनचं आहे. गोळी पोटात जाते आणि औषध मेंदूत पोचतं. गार्सिनॉल ६०२ चं. पॅसिफिक यू नावाच्या झाडापासून सुरू झालेलं पॅक्लिटॅक्सेल स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवर इतकं चालतं, पण ते ८५४ चं आहे आणि पंप त्याला बाहेर ढकलतात. हळदीतलं कर्क्युमिन ३६८ चं, म्हणजे आकाराने बसतं, पण ते आतड्यातून नीट शोषलंच जात नाही आणि जे शोषलं जातं ते यकृत झटपट मोडून टाकतं. पाटीत पेशी मारायला लागतं तेवढं कर्क्युमिन हळदीचं दूध पिऊन रक्तात येत नाही, मेंदूत तर नाहीच.

कुणी म्हणतं, गाठ असते तिथे ही भिंत फुटलेली असते ना? असते, गाठीच्या मध्यभागी. म्हणून तर एमआरआयच्या वेळी शिरेतून दिलेलं औषध गाठीत झिरपतं आणि ती फिल्मवर उजळून दिसते. पण ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी गाठीच्या कडेपलीकडे निरोगी मेंदूत दूरवर शिरलेल्या असतात आणि तिथे भिंत शाबूत असते. सर्जन मधला भाग काढतो, या पेशी मागे राहतात आणि पुढे गाठ पुन्हा उभी राहते ती बहुधा त्यांच्यामुळेच. औषध पोचायला हवं ते तिथे.

या आजारात किती थोडं हाती लागलं आहे ते आकड्यांतून कळतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नुसत्या रेडिएशनने मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो काळ) १२.१ महिने होतं, टेमोझोलोमाइड जोडल्यावर १४.६ झालं. दोन वर्षं जगणारे मात्र १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. आजही मुख्य उपचार हाच आहे. म्हणूनच मी वनस्पतींकडे वळले, आणि त्याला आधार आहे.

नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी पुढे अमेरिकेत गेले. त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं आणि १९७१ मध्ये पॅक्लिटॅक्सेलची रचना उलगडली. तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात भरपूर सापडलं, आणि त्यापायी त्या झाडाची बेसुमार तोडही झाली. पण कॅम्प्टोथेसिन जसंच्या तसं रुग्णांना दिलं तेव्हा मूत्राशयातून रक्त जाण्यापर्यंत त्रास झाला आणि त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. रसायनशास्त्रज्ञांनी रेणू बदलत नेला, तेव्हा १९९६ मध्ये इरिनोटेकन आणि टोपोटेकन ही औषधं अमेरिकेत मंजूर झाली. मधे ३० वर्षं गेली. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिनक्रिस्टिन आलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आणि मेंदूच्या काही गाठींवर ते आजही देतात, शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून. तीच सदाफुली घरी वाटून प्यायली तर विषबाधा होऊ शकते.

गार्सिनॉल आहे तसं मेंदूत पोचेल असं मला वाटत नाही. पी३०० ला अडवणारा त्याचा नेमका भाग कोणता आणि तो ठेवून बाकीचा रेणू लहान करता येईल का, हे मला शोधायचं आहे. माझ्या हयातीत त्याचं औषध होईलच असं सांगत नाही, पण हे शोधण्यासारखं आहे यावर माझा पक्का विश्वास आहे.

आता काळजीचं बोलते. लक्ष्मणफळाच्या पानांचा चहा कॅन्सरवर रामबाण, हा मेसेज मला दर काही दिवसांनी कुणीतरी पाठवतं. त्या झाडात ॲनोनासिन नावाचा पदार्थ आहे. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर या कुळातली फळं आणि पानांचा चहा नेहमी घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा आजार जास्त दिसला, आणि संशयाचं बोट त्याच पदार्थाकडे आहे. आधीच मेंदू आजारी असलेल्या माणसाला तो चहा देऊ नका. ज्येष्ठमध निरुपद्रवी वाटतं, पण मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन चालू असेल तर दोन्ही मिळून रक्तातलं पोटॅशियम खाली आणू शकतात, आणि त्याचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो. टेमोझोलोमाइडने प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घटतात, यकृतावरही ताण येऊ शकतो. अशात हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल किंवा कुणी दिलेलं बिननावाचं चूर्ण चालू असेल, तर रिपोर्ट बिघडला कशाने हे डॉक्टरांना कळायला मार्गच राहत नाही. जेवणातली हळद, सोलकढी, फुटी कढी खुशाल द्या, तोंडाला चव येते.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरात जे जे चालू आहे ते, अगदी काढासुद्धा, कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. रागावतील म्हणून लपवू नका. गाठीची एमजीएमटी आणि आयडीएच तपासणी झाली आहे का ते विचारा. टेमोझोलोमाइडचा किती उपयोग होईल याचा अंदाज पहिलीवरून येतो आणि गाठ नेमकी कोणत्या प्रकारची आहे ते दुसरीवरून ठरतं. दुखणं, फिट्स, झोप यांसाठी पॅलिएटिव्ह विभागाची मदत पहिल्या दिवसापासून मागता येते, त्यासाठी शेवटची वाट पाहावी लागत नाही. रिपोर्टमधला एखादा शब्द कळला नाही तर मला फोन करा. तो समजावून सांगणं मला जमतं, आणि ते मी कधीही करीन.