शिबिर संपल्यावर सुरू होणारं काम

कॅन्सर रुग्णांना आधार देणाऱ्या संस्थेत जनजागृतीसाठी इंटर्न म्हणून आलेल्यांच्या हातात पहिल्यांदा बहुधा माहितीपत्रकांचा गठ्ठा पडतो. तो संपला की काम झाल्यासारखं वाटतं. खरं मोजायचं ते वेगळंच: शिबिरात ज्यांना कॅन्सरची तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं, त्यांतले किती जण जाऊन आले?

हे सगळं नोंदवहीवर अवलंबून असतं. नाव, वय, फोन एवढ्यावर भागत नाही. नंबर कुणाचा आहे, फोन कधी केलेला चालेल आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं, हे तीन रकाने हवेतच. अनेकदा घरात कुणाला काहीच माहीत नसतं. अशा वेळी ‘कॅन्सर संस्थेतून बोलतोय’ एवढं बोललं, तरी त्या व्यक्तीचा विश्वास गेलाच म्हणून समजा. नंबर लिहून झाला की तिथल्या तिथे मिस्ड कॉल द्या. एक आकडा चुकला तरी माणूस हातचा जातो. आणि यादीचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये कधीही नको.

दुसरी गोष्ट, जिथे सगळ्यात जास्त घोळ होतो. स्क्रीनिंग ही कसलाही त्रास नसणाऱ्यांची तपासणी असते. तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, स्तनात गाठ, पाळी कायमची थांबल्यानंतरचा रक्तस्राव, यांपैकी काही सांगणाऱ्याला पुढच्या शिबिराची तारीख देऊ नका, थेट डॉक्टरांकडे पाठवा. ‘दुखत तर नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. सुरुवातीच्या गाठी बऱ्याचदा दुखत नाहीत, म्हणूनच त्या अंगावर काढल्या जातात. धीर देण्यासाठीसुद्धा ‘साधीच असेल’ म्हणू नका. तुमच्या त्या एका शब्दावर कुणी महिनोन्‌महिने थांबेल.

तयारीच्या सूचना आधीच द्या. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या दिवशी काखेत डिओडरंट किंवा पावडर नको, कारण त्याचे कण चित्रात ठिपक्यांसारखे दिसू शकतात. गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी पाळीचे दिवस टाळून तारीख घ्या. मनाची कशीबशी तयारी करून आलेल्या बाईला दारातून परत पाठवावं लागलं, तर ती पुन्हा येईलच असं नाही.

शिबिरानंतर पहिला फोन दोन-तीन दिवसांत करा, दुसरा आठवड्याभरात. ‘गेलात का?’ विचारलं की ‘जाणार आहे’ एवढंच कानावर येतं. ‘जायला काय अडचण येतेय?’ असं विचारा, म्हणजे खरं बाहेर येतं: सोबतीला कुणी नाही, रजा मिळत नाही, मुलांना कोण बघणार. यातल्या बऱ्याच गोष्टींवर संस्थेकडे काही ना काही तोड असते. स्वयंसेवक सोबत देता येतो, सोयीची वेळ मागून घेता येते. भीतीवर मात्र माहिती कमी पडते. तिथे या आजारातून बाहेर पडलेल्या कुणाशी तरी बोलणं करून द्या, पण दर वेळी त्यांची परवानगी नव्याने विचारून.

तिसऱ्या फोनलाही उत्तर नसेल तर नाव समुपदेशकांकडे सोपवा. इंटर्नशिप संपताना उरलेल्या नावांची नुसती फाइल पाठवून निघू नका. पुढच्या व्यक्तीशेजारी बसून एकेका नावामागची अडचण सांगा, आणि त्या माणसांनाही कळवा की यापुढे फोन कोण करणार आहे.