सिंहासन, करमल घाट आणि डिझेल: पेडणे ते काणकोण पिकअपने

दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की आमच्या नाट्यमंडळाची पिकअप सारखी रस्त्यावर असते. उत्तर गोव्यातल्या पेडण्याहून निघायचं, कुठल्यातरी देवळासमोरच्या मांडवात रात्री नाटक करायचं आणि पहाटे सामान भरून परत फिरायचं. या हंगामात गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणात तीन प्रयोग लागले. रस्ता तोच, सामान तेच, गाडी तीच आणि स्टिअरिंगवर माझा भाचाच. असा योग पुन्हा जुळायचा नाही, म्हणून मी वही-पेन घेऊन बाजूला बसलो. आमची गाडी कधी अकराचं ॲव्हरेज देते तर कधी तेराचं. मधलं डिझेल जातं कुठे, एवढंच बघायचं होतं.

आधी मोजायची रीत सांगतो, कारण घोळ तिथेच होतो. काटा बघून ॲव्हरेज काढू नका. टाकी फुल करायची, जाऊन यायचं, मग त्याच पंपावर, त्याच नळीने पुन्हा फुल करायची आणि नळी आपोआप बंद झाली की तिथेच थांबायचं. मागे एकदा एका पंपावरच्या पोराने नळी बंद झाल्यावर ‘राउंड फिगर करतो’ म्हणून आणखी दोनदा दाबली आणि माझा अख्खा हिशोब बुडाला. तेव्हापासून मी खाली उतरून उभा राहतो. फक्त जाण्याचं ॲव्हरेज काढण्यातही अर्थ नाही. शंभरेक किलोमीटरला आठ-दहा लिटर डिझेल लागणार, त्यात अर्ध्या लिटरची चूक झाली तरी आकडा भलतंच सांगतो. आमचा फेरा जाऊन-येऊन २२६ किलोमीटरचा झाला, तेवढा ठीक.

आता सामान. पडदे, नेपथ्याचे लाकडी फ्लॅट, लाइटच्या पेट्या, पेटारे, आणि सिंहासन. प्लायवूडचं आहे, पाठ साडेचार फूट उंच, दोन्ही हातांवर थर्माकोलचे सिंह, वर सोनेरी रंग. दोघं जण हसत हसत उचलतात. पिकअपच्या मागच्या हौदात जागा उरत नाही म्हणून वर्षानुवर्षं ते केबिनच्या टपावर उभं बांधायची पद्धत. दिसतंही झोकात, गावातून गेलं की लोक ओळखतात नाटकवाले आले म्हणून.

पहिल्या खेपेला असेच निघालो. कोलवाळ ओलांडल्यावर रस्ता मोकळा मिळाला आणि भाच्याने गाडी ८० वर नेली. त्यापुढे ती जात नाही, वेग अडवणारा गव्हर्नर आहे. वर सिंहासन शीळ घालायला लागलं. ताडपत्रीचं एक टोक सुटून फटाफट आपटत होतं. भाचा म्हणाला, “मामा, गाडी ओढत नाही बघ. उजवा पाय पार खाली आहे.” म्हापशाला थांबून बघितलं तर एका सिंहाची शेपटी गायब. त्या फेऱ्याला २०.९ लिटर लागले. म्हणजे १०.८.

दुसऱ्या खेपेला सिंहासन आडवं करून हौदात पडद्यांच्या गुंडाळ्यांवर निजवलं, ताडपत्री चारी बाजूंनी ताणून बांधली आणि भाच्याला सांगितलं, साठ-पासष्टच्या वर जायचं नाही. १७.१ लिटर. १३.२ चं ॲव्हरेज! पण यातलं किती वेगाचं आणि किती सिंहासनाचं ते कळेना. म्हणून तिसऱ्या खेपेला सिंहासन आडवंच ठेवलं आणि मोकळ्या रस्त्यावर पुन्हा ८० धरले. १८.९ लिटर, म्हणजे बाराला टेकलो.

एक गोष्ट लपवत नाही. पहिल्या खेपेनंतर पंक्चरवाल्याकडे हवा बघितली तेव्हा मागच्या डाव्या चाकात १२ पौंड कमी निघाली. त्यामुळे १०.८ वरून १२ झाले त्याचं सगळं श्रेय सिंहासनाला देता येत नाही, थोडं त्या चाकाचंही आहे. हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. दहा-पंधरा किलोमीटर पळून आलेल्या गरम टायरात हवा जास्त दाखवते आणि माणूस फसतो. किती भरायची ते गाडीच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, रिकाम्या गाडीला वेगळं, भरलेल्या गाडीला वेगळं.

वेगाचं गणित मात्र सरळ आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ८० वर गेलात तर वेग सव्वापटीहून थोडा जास्त होतो, पण वाऱ्याचा रेटा पावणेदोन पटीच्या वर जातो. आणि वारा वजन बघत नाही, अंग बघतो. सपाटीवर वजनाची किंमत टायरमार्गे जाते आणि ती किलोमीटरमागे ६० ला काय नि ८० ला काय, साधारण सारखीच. म्हणून वजनाने फुलासारखं असलेलं आमचं सिंहासन टपावर उभं राहिलं की तांदळाच्या पोत्यांपेक्षा महाग पडतं. चाळीस-पन्नासने चाललेल्या गाडीला याचा फारसा फरक पडणार नाही, हेही खरं.

आणि ८० ने जाऊन मिळवलं काय? पेडणे ते काणकोण रस्त्यात ८० धरता येईल असा मोकळा पट्टा मिळून फार तर पन्नास किलोमीटर. तेवढ्यात ६० आणि ८० यांच्यात फरक पडतो बारा-तेरा मिनिटांचा. तेवढी मिनिटं पर्वरीला सहज जातात.

पर्वरीबद्दल काय सांगायचं. उड्डाणपुलाच्या कामामुळे संध्याकाळी तिथे गाडी इंच इंच सरकते. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं हे कोणी लक्षात घेत नाही. आमच्यासारखं अडीच लिटरचं डिझेल इंजिन नुसतं घुरघुरत ठेवलं तरी तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितं. रांग खरोखर थांबली असेल तर बंद करा. पण खरा उपाय म्हणजे दुपारी तीनच्या आत मांडवी ओलांडणं, आणि शुक्रवारी तर म्हापशाच्या बाजारामुळे आणखी लवकर. येताना पहाटे हाच रस्ता मोकळा असतो. मांडवीवरच्या अटल सेतूवरून आणि नव्या झुआरी पुलावरून एका लयीत गाडी येते. दुपारनंतर मात्र झुआरीवर समुद्राचा वारा आडवा लागतो. उंच सामान असेल तर तिथे पन्नासच बरे, डिझेलसाठी नव्हे, जिवासाठी.

मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी झालं की करमल घाट. इथे नियम उलटे होतात, वारा गप्प आणि वजन बोलायला लागतं. भाच्याला चौथ्या गियरला चिकटून राहायची सवय, गाडी थरथरायला लागली तरी सोडत नाही. इंजिन गुदमरलं की पाय आणखी खाली जातो आणि धूर निघतो. वेळेवर तिसरा टाकून बेताच्या आवाजात चढवलेली गाडी कमी पिते. वळणाच्या आधी जोर करून मग ब्रेक मारणं म्हणजे तर विकत घेतलेलं डिझेल ब्रेकच्या लायनरवर घासून टाकणं.

उतारावर न्यूट्रल मारणाऱ्यांसाठी वेगळं लिहितो. आताच्या कॉमन रेल, म्हणजे डिझेलचा फवारा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सोडणाऱ्या, इंजिनात गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेलचा फवारा बंदच होतो, चाकं इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलंत तर इंजिन चालू ठेवायला डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, वर सगळा भार ब्रेकवर, आणि करमलच्या वळणांवर ब्रेक तापले तर बाजूला थांबायला जागाही धड नाही.

रिकाम्या पिकअपचा मागचा फाळका पाडून पळवलं तर वारा आरपार जातो, अशीही एक समजूत आहे. पाडू नका. फाळका बंद असला की हौदात हवेचा भोवरा साचतो आणि वरचा वारा त्याच्यावरून घसरून जातो. आणि हौदात नटमंडळींना बसवू नका. मालाच्या गाडीत माणसं भरणं बेकायदा आहे, मेकअप उतरलेला असो वा नसो.

डिझेल पेडण्यातच भरा. गोव्यात ते महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं, त्यामुळे सावंतवाडीकडून येणाऱ्यांनी हद्दीवरची पत्रादेवी ओलांडेपर्यंत धीर धरावा. लिटरला नव्वद रुपये धरले तरी पहिल्या आणि दुसऱ्या खेपेत साडेतीनशेच्या आतबाहेर फरक पडला. मंडळाच्या पहाटेच्या चहा-भज्यांचा खर्च निघाला.

तीन खेपांनंतर गावच्या सुताराकडून सिंहासनाच्या पाठीला बिजागऱ्या बसवून घेतल्या. आता ते मिटून हौदात दोन पेटाऱ्यांच्या मध्ये सरकतं. बसणारे महाराज मात्र पहिल्या अंकात पाठ टेकायला तयार नाहीत. परवा सबंध दरबार ताठ बसून चालवला आणि समोरच्या रांगेतले म्हातारे म्हणाले, यंदा काम चांगलं बसलंय.