‘आजाराचे नाव लिहून आणा’

नववीतल्या माझ्या मुलीला परिपाठाच्या रांगेत उभे राहिले की छातीत धडधडून घाम फुटू लागला, तेव्हा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढण्यापासून मानसोपचारतज्ज्ञांनी औषध आणि समुपदेशन ठरवून देण्यापर्यंतचे सगळे विनासायास पार पडले. अडले ते शाळेच्या कार्यालयात.

रजेनंतर शाळेत परतताना दिलेल्या दाखल्यावर डॉक्टरांनी ‘उपचार चालू आहेत, शाळेत जाण्यास हरकत नाही’ एवढेच लिहिले होते. लिपिकांनी तो फीच्या रांगेतल्या पालकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचला, मानसोपचार विभागाच्या शिक्क्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “आजाराचे नाव नाही. शिवाय पूर्ण बरी झाल्याचे लिहून आणा. उद्या काही झाले तर जबाबदार कोण?” पाय मोडलेल्या मुलाला प्लास्टरसकट पहिल्या बाकावर बसवणाऱ्या याच शाळेला माझी मुलगी मात्र आधी पूर्ण बरी होऊन हवी होती. मुख्याध्यापक “संस्थेला विचारतो” म्हणत राहिले आणि तेवढ्यात तिची घटक चाचणी बुडाली. त्या दिवसांत रात्री ती घाबरून उठली की आम्ही 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर बोलत असू; ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही मिळते, हे प्रत्येक पालकाने टिपून ठेवावे.

डॉक्टरांनी आजाराचे नाव लिहून देण्यास साफ नकार दिला, कारण मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. त्याऐवजी शाळेने काय करावे ते त्यांनी लिहिले: काही आठवडे परिपाठातून सूट, दाराजवळची जागा, आणि अस्वस्थ वाटल्यास परवानगीची वाट न पाहता बाहेर जाण्याची मुभा. दाखला असाच मागून घ्यावा. सोबतच्या अर्जात मी हेही नमूद केले की, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितले आहे. आमच्या शाळेत सीसीटीव्ही प्रत्येक मजल्यावर आहे, समुपदेशक एकही नाही.

अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्यावर मात्र संस्थेला विचारण्याची गरज उरली नाही आणि वर्गशिक्षिकांनी त्याच दिवशी तिची जागा बदलली. लिपिकांनी अर्जाच्या समासात पेन्सिलीने ‘आजार?’ असे लिहून ठेवले होते. ते मी मुख्याध्यापकांसमोर खोडायला लावले.